गांधारीची तबकडी

लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावायचं नाही, हे मला सातव्या वर्षीच कळलं, कारण त्यापायी मी मार खाल्ला होता. महाडच्या बाजारपेठेत आमच्या वडिलांचं, अण्णांचं, रेडिओ-ग्रामोफोन दुरुस्तीचं आणि भाड्याच्या लाऊडस्पीकरचं दुकान होतं. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून ते रेडिओचे भाग पुसत. ते पाहून मीही एक बोळा घेतला आणि टेबलावरची रेकॉर्ड चकचकीत करायला बसलो. बघता बघता कापूस काळा, बोटं चिकट आणि रेकॉर्डवरच्या रेघा गुळगुळीत झाल्या. सुतार कपाटाला मारतो ते पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच, हे अण्णांनी मला आधी पाठीवर आणि मग तोंडी समजावलं.

तो मार २०२१ साली उपयोगी पडला. २२ जुलैच्या रात्री सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या पेठेत शिरल्या. पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखल उपसायचं काम दिवाळीपर्यंत पुरलं. तळियेत दरड कोसळून अख्खी वाडी गाडली गेली होती. पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गेली होती. अशा दिवसांत तबकड्यांचं दुःख करायची लाज वाटत होती, म्हणून मी अण्णांच्या तबकड्यांची पेटी महिनाभर उघडलीच नाही. ऑगस्टात उघडली. कोविडचा काळ, घरात सॅनिटायझरच्या बाटल्याच बाटल्या. मदतीला आलेला पुतण्या म्हणाला, ‘काका, हे मारून पुसतो, चिखल झटकन निघेल.’ मी ओरडलोच. त्याला वाटलं, विंचू चावला.

लाखेची तबकडी धुवायची ती कोमट पाण्यात, साबणाच्या चार थेंबांनी आणि लहान मुलाच्या दात घासायच्या मऊ ब्रशनं. ब्रश आडवा चालवायचा नाही, रेघांबरोबर गोल फिरवायचा. मधलं लेबल कागदाचं असतं, म्हणून त्यावर चहाची बशी पालथी दाबून धरायची. आमच्या पेटीतली कागदी पाकिटं केव्हाच लगदा झाली होती. निम्म्या तबकड्यांची लेबलंही सुटली होती. आता त्यांच्यावर कोण गातंय हे सुई लावल्याशिवाय सांगता येत नाही. एकीचं लेबल मात्र कडेनं पोपडे धरून का होईना, राहिलं होतं. बशी उचलली आणि नाव वाचलं. गांधारी.

ही गांधारी म्हणजे हुबळीच्या गंगूबाई हनगल. १९३०च्या दशकात त्यांच्या पहिल्या रेकॉर्डी निघाल्या त्या गांधारी या नावानं. अण्णांना हे पुष्कळ उशिरा कळलं. पोरवयात त्यांची समजूत अशी, की ही कुणीतरी आपल्या नदीकाठचीच बाई असणार, एरवी नदीचं नाव लावील कशाला? रायगडाच्या बाजूनं येऊन महाडशी सावित्रीला मिळणारी गांधारी आम्हाला एवढी घरची, की त्या नावाची महाभारतातली राणीसुद्धा आम्हाला नंतर भेटते. नदीच्या नावाची ती तबकडी नदीच्याच गाळातून धुऊन काढली, तेव्हा अण्णा असते तर पोटभर हसले असते.

त्या पेटीकडे पाहता पाहता मला वाटायला लागलं, की आमच्या या डोंगराआडच्या महाड-पोलादपूर या दोन तालुक्यांत गाणं कुणी ऐकलं, कुठं बसून ऐकलं आणि कुणाला ऐकूच आलं नाही, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. मी गवई नाही, समीक्षकही नाही. पण लाऊडस्पीकरवाल्याचा मुलगा आहे. गावातल्या सगळ्या अंगणांत पाऊल पडलेले धंदे मोजकेच, त्यातला आमचा एक.

तबकड्या महाडात प्रथम आल्या त्या पाण्यानंच. जुन्या काळी मुंबईहून इकडे यायच्या वाटा दोन. एक, लाँचनं धरमतरला उतरायचं आणि पुढं मोटारीनं नागोठणे, माणगाव करत महाड गाठायचं. दुसरी, समुद्रानं येऊन बाणकोटच्या खाडीत शिरायचं आणि दासगावला उतरायचं. १९२७च्या डिसेंबरात सत्याग्रहासाठी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी आले ते याच दुसऱ्या वाटेनं. धरमतरहून मोटारी मिळायची खात्री नव्हती, म्हणून ‘पद्मावती’ बोटीनं हरिहरेश्वर, तिथून खाडीनं दासगाव आणि पुढं पायी महाड. व्यापाऱ्यांचा मालही याच वाटांनी यायचा. काथ्या आणि गवतात गुंडाळलेल्या तबकड्या खोक्यात उभ्या ठेवलेल्या असत, कारण लाखेची तबकडी हातातून पडली की काचेसारखी फुटते. वाटेत चार फुटल्या तर व्यापारी त्या घटीतच धरायचा.

त्या तबकडीचा जन्म आधीच लांबच्या प्रवासाचा. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान गायली, पण ते गाणं कोरलेल्या मेणावरून तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जावं लागलं. गाणं संपताच ती आपलं नाव इंग्रजीत पुकारते, ते परमुलखातल्या छापणाऱ्यांना कोण गातंय हे कळावं म्हणून. १९०८ साली कलकत्त्याच्या सियालद्याला कारखाना निघाला आणि पुढं दमदमला मोठा. लाख आपल्याकडचीच, छोटा नागपूरच्या जंगलातल्या किड्यांनी झाडावर केलेली. ती दगडाच्या भुकटीत मळून थापायची आणि साच्यात दाबायची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला गाणं मावायचं तीन-सव्वातीन मिनिटं. बारा इंचीत चार-साडेचार. घराण्याचा गवई रात्रभर मांडील तो राग इतक्यात आटपायचा. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तो असा काही आटपला, की पुढच्या पिढ्यांना आटपल्यासारखा वाटलाच नाही.

या तबकड्या येण्याआधी महाडात गाणं नव्हतं असं नाही. ग्रामदैवत वीरेश्वर. महाशिवरात्रीनंतर त्याचा छबिना निघतो. विन्हेऱ्याची झोलाईदेवी पालखीतून भेटीला येते, गावोगावच्या सासनकाठ्या नाचतात. उत्सवात कीर्तनं व्हायची, भजनं व्हायची, आणि कुणा सावकाराच्या मनात आलं तर पुण्या-मुंबईचा गवईही यायचा. बैठक सभामंडपात किंवा एखाद्या वाड्याच्या चौकात. पेट्रोमॅक्सच्या दोन बत्त्या, मध्ये जाजम, पुढं प्रतिष्ठित मंडळी, मागं शिकाऊ पोरं, आणि बायका माजघरात दाराआड.

या बैठकीला उंबरा होता, हे लिहिल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्य मानलेल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेनं आधीच केलेला होता. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा कुणीतरी उठवली आणि परिषदेहून परतणाऱ्या माणसांना रस्त्यात गाठून मारहाण झाली. तळ्याच्या पाण्यावरचा हक्क उच्च न्यायालयानं १९३७ साली कायम केला. आता विचार करा, ज्या मंडपात कुणी शिरेल या नुसत्या अफवेवर डोकी फुटली, त्या मंडपातलं गाणं किती लोकांनी ऐकलं असेल? आम्ही ज्याला गावाची संगीताची परंपरा म्हणतो, ती गावातल्या काही आळ्यांची परंपरा होती.

भोंग्याचा पहिला ग्रामोफोन पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या माडीवर आला, असं अण्णा सांगत. साल त्यांना आठवत नसे. शेटजीची बैठक आपली, पण खिडकी रस्त्यावर. भोंग्याचं तोंड खिडकीकडे करून ठेवलं, की खाली रस्त्यावर गर्दी जमायची. हमाल, टोपलीवाल्या, रायगडाच्या पायथ्याकडचे धनगर, पोलादपूरहून बाजाराला आलेले कुणबी. माडीवर जायची परवानगी कुणालाच नव्हती, पण गाण्याला खाली उतरायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

अण्णा मूळचे पोलादपूर तालुक्यातल्या, सावित्रीच्या वरच्या खोऱ्यातल्या गावचे. त्या खोऱ्याचा रिवाजच असा, की मिसरूड फुटायच्या आत पोरगा मुंबईला. चुलते गिरणीत होते, अण्णांनाही गिरणीतच चिकटवायचं होतं. पण त्यांना काळबादेवीकडच्या एका दुरुस्तीवाल्याकडे हरकाम्याची जागा मिळाली. तिथं ते चावीच्या मशिनीची स्प्रिंग बदलायला शिकले. पत्र्याच्या डबीत गुंडाळलेली ती लांबच लांब पोलादी पट्टी उघडताना नीट धरली नाही तर हात फाडते. अण्णांच्या डाव्या तळव्यावर तो वण शेवटपर्यंत होता. साउंडबॉक्समधला अभ्रकाचा पडदा बसवायला शिकले. आणि गव्हर्नर लावायला शिकले. तीन शिशाचे गोळे पात्यांवर बसवलेले असतात, ते फिरताना बाहेर फाकतात आणि वेग आवरतात. बाजूचा स्क्रू पिळला की तबकडी हळू किंवा जलद फिरते आणि गाण्याची पट्टीही त्याबरोबर उतरते-चढते.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी ते महाडला परतले आणि पेठेत गाळा घेतला. तेव्हा त्या स्क्रूनं एक निराळंच गिऱ्हाईक आणलं. पोलादपूरकडचा मुलूख वारकरी. गावोगाव हरिपाठ, सप्ताह, पारायणं. तिथले भजनी बुवा बाजाराच्या दिवशी दुकानात येत आणि बालगंधर्वांची किंवा मास्तर कृष्णरावांची तबकडी लावायला सांगत. एकदा ऐकून भागायचं नाही. दहा वेळा. चाल उचलायची असे. बुवांची पेटी काळी दोनमध्ये, गाणारा तिसऱ्याच पट्टीत. मग अण्णा स्क्रू पिळत पिळत गंधर्वांना बुवांच्या पट्टीत आणून बसवत. ‘हां, हां, तिथंच ऱ्हाऊ द्या,’ असं बुवा म्हणाले, की खोऱ्यातल्या एखाद्या गावच्या काकड्यात त्या वर्षापासून नाटकाची चाल शिरली असं समजायचं. गुरूशिवाय विद्या नाही म्हणतात. आमच्याकडच्या कित्येक बुवांचा गुरू चावीवर चालायचा.

पिना ही आणखी एक गोष्ट. पोलादी पिन एका बाजूला एकच वापरायची, नाहीतर बोथट टोक रेघा खरवडतं. पण गावाकडे कोण पिना फेकतो? पिन सहाणेवर घासून पुन्हा लावायचे. म्हणून आमच्याकडच्या जुन्या तबकड्यांत सगळ्यात आवडत्या त्या सगळ्यात जास्त घासलेल्या. हिराबाई बडोदेकरांची एक तबकडी आजीला इतकी प्रिय होती, की तिच्यात आता हिराबाई कमी आणि तव्यावर पाणी शिंपडल्याचा आवाज जास्त. आजीनं जन्मात एकही बैठक समोर बसून ऐकली नाही. घरंदाज बाईनं गाणारणीच्या समोर बसायचं नसतं, हा तेव्हाचा दंडक. हिराबाईंनी तिकीट लावून, उघड रंगमंचावर, तंबोरे घेऊन मैफली केल्या, तेव्हा तो दंडक मोडायला लागला, पण तो पुण्या-मुंबईत. महाडच्या माजघरात त्याच हिराबाई ग्रामोफोनच्या पेटीतून आल्या, आणि तांदूळ निवडता निवडता आजीनं त्यांना ऐकलं. सुंदराबाई जाधवांची तबकडी लागली की आजी म्हणायची, ‘ही पुण्याची. हिनं गंधर्वांच्या एकच प्याल्याला चाली दिल्या.’ हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे. माजघरातल्या बायका नुसत्या ऐकत नव्हत्या, त्या माहितीही बाळगून होत्या.

पन्नास-साठच्या दशकांत धंदा लाऊडस्पीकरचा झाला. मोठमोठे कर्णे, ‘शिकागो’ कंपनीचा जुना ॲम्प्लिफायर आणि मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी. खोऱ्यातल्या बहुतेक गावांत तेव्हा वीज नव्हती, म्हणून बॅटरी डोक्यावर घेऊन डोंगर चढायचा. ॲसिड सांडून अण्णांच्या सगळ्या सदऱ्यांना पाठीवर जाळ्या पडलेल्या. बरोबर तबकड्यांची पत्र्याची पेटी. सकाळी सनई, मग भूपाळ्या नि अभंग, दुपारी सिनेमा आणि संध्याकाळी मंडळी जमेपर्यंत थोडं ‘पक्कं’. हा क्रम अण्णांचा स्वतःचा. पक्कं गाणं कुणी मागत नसे. ते अण्णा आपल्या खात्यातून वाजवायचे. शिष्टमंडळ येऊन म्हणायचं, ‘शेट, ते आऽऽ बंद करा आता.’ अण्णा म्हणायचे, ‘एवढी बाजू संपू द्या. तीन मिनिटांचं काम.’

सत्यनारायण, लग्न, दासगावकडचा उरूस, गणपती, २० मार्च, १४ एप्रिल, सगळीकडे तेच कर्णे आणि तीच पेटी. उरुसाला कव्वाल्यांच्या वेगळ्या तबकड्या. १४ एप्रिलला भाषणं सुरू होईस्तोवर जलशातल्या गाण्यांचा घोष आणि मध्ये वेळ मिळालाच तर अण्णांचं ते तीन मिनिटांचं पक्कं. माणूस कुठल्याही आळीतला असो, नाकं मुरडायची ती सगळ्यांनी सारखीच मुरडली आणि कान द्यायचा त्यांनी सगळीकडेच दिला.

कर्णे बांधायची अण्णांची एक खोड होती. वीरेश्वराच्या उत्सवात कमिटीला वाटे, दोन्ही कर्णे मंडपाकडे तोंड करून हवेत. अण्णा एक कर्णा हमखास उलटा बांधायचे, आळ्यांच्या पलीकडे तोंड करून. कुणी विचारलं तर म्हणत, ‘माईकसमोर कर्णा आला की शिट्टी मारतो. घुमतं.’ हे खरंच आहे. कुठल्याही लाऊडस्पीकरवाल्याला विचारा. पण शिट्टी टाळायला कर्णा जरासा वळवला तरी पुरतो, तो पार पाठमोरा करायची गरज नसते, हे मला धंद्यात पडल्यावर कळलं. अण्णांना मी कधी विचारलं नाही. पुष्कळ वर्षांनी, एका घरी रेडिओ दुरुस्तीला गेलो असताना तिथल्या म्हातारीनं मला बसवून चहा दिला आणि म्हणाली, ‘तुझ्या बापाच्या कर्ण्यामुळं देवळातलं गाणं आम्ही आमच्या पडवीत बसून ऐकलं. त्याच्याआधी ऐकायचं तर लांब उभ्यानं.’ मी चहा घेतला. कर्ण्याच्या शिट्टीचं शास्त्र तिला सांगत बसलो नाही.

तबकडीनं माणूस कुठल्या कुठं जातो, याचा मोठा दाखला भीमसेन जोशींचा. गदगमध्ये लहानपणी त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली, आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घर सोडलं. ज्यांनी ती ठुमरी वाजवली त्यांनी ती अर्थातच त्या पोरासाठी वाजवली नव्हती. तबकडीचा गुणच तो. तिला समोरचा कोण हे ठाऊक नसतं. याच्या उलट केसरबाई केरकर. श्रोते आणि जागा पसंत नसतील तर न गाणाऱ्या, ध्वनिमुद्रणाला शक्यतो दूर ठेवणाऱ्या. त्यांचं भैरवीतलं साडेतीन मिनिटांचं एक गाणं १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलं. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. दारातला माणूस पारखून घेणाऱ्या बाईंचं गाणं आता जिथं दारच नाही अशा ठिकाणी फिरतंय.

साठच्या दशकात लाँगप्ले आली. लाख गेली, व्हिनाइल आलं. पडली तर फुटत नाही, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. एचएमव्हीच्या फिएस्टा प्लेअरची छोटी पेटी घरात आली आणि कर्ण्याचं गाणं पुन्हा खोलीत शिरलं. मी कमवायला लागल्यावर घेतलेली पहिली लाँगप्ले अमीर खाँसाहेबांची, एकीकडे मारवा आणि दुसरीकडे दरबारी. मग किशोरीताईंची भूप-बागेश्री. आमच्या पेठेत संध्याकाळी एसटी स्टँडवरचे पुकारे, मासळीवाल्यांची भांडणं आणि आमच्या वरच्या खोलीत भूप. समोरचा कापडवाला वर येऊन दारात बसायचा. त्याला राग कळत नव्हता. ‘तुमची ती संध्याकाळची बाई लावा,’ म्हणायचा. आम्ही रागांचे समय पाठ करतो. त्यानं तो कानानं ओळखला होता.

असा तबकडीवर वाढलेला कान घेऊन मी सत्तरच्या दशकात पहिल्यांदा पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो. १९५२ साली गुरू सवाई गंधर्व गेले आणि पुढच्या वर्षापासून भीमसेनांनी तो सुरू केला. महाडहून एसटी वरंध घाट चढून भोरवरून पुण्याला जायची. घाटात निम्मी गाडी ओकलेली. डिसेंबरची थंडी, शाळेचं पटांगण, गोधड्या, थर्मास आणि रात्रभर गाणं. मला वाटलं होतं, आपण तयार श्रोते. पहिल्याच ख्यालात माझी फजिती झाली. पंधरा मिनिटं झाली तरी गवई अजून खालच्या सप्तकातच. माझा कान बावीस मिनिटांत बाजू संपायची वाट बघायला शिकलेला. अर्धा तास उलटल्यावर मी खरोखर अस्वस्थ झालो, उठून बाजू पलटायला हवी असं वाटलं. पलटायला तिथं काही नव्हतं. मग केव्हातरी वाट बघणं सुटलं आणि तिथून पुढं मी गाणं ऐकायला लागलो.

पहाटेकडे गंगूबाई हनगल आल्या. साधं लुगडं, कानाशी एक हात. पहिला षड्ज लावला आणि मी शेजाऱ्याला विचारलं, ‘या त्याच का, गांधारी?’ आमच्या पेटीतली गांधारी पातळ, उंच, धारदार आवाजाची तरुण पोरगी. समोरचा आवाज जमिनीतून आल्यासारखा भरदार, पुरुषी. घशाच्या दुखण्यानंतर त्यांचा आवाज असा बदलला, हे शेजाऱ्यानं हळूच सांगितलं. त्या आवाजाच्या जिवावर त्या पुढं उभं आयुष्य गायल्या. तबकडीत अडकलेली पोरगी तशीच विशीत राहिली होती आणि इकडे बाई गाणं आणि वय दोन्ही पेलत कुठल्या कुठं पोचल्या होत्या. दोन्ही आवाज खरे. पण एकाला ऐकून दुसऱ्याला ओळखता येत नाही, हे त्या पहाटे कळलं. परत आल्यावर अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, ‘पावसाळ्यातली नदी उन्हाळ्यात ओळखू येते का? मग.’

ऐंशीच्या दशकात तबकडी हळूहळू बाजारातून उठली. आमच्याकडे त्याची सुरुवात आखातानं केली. दासगाव, महाडकडची कोकणी मुसलमान मंडळी तिकडून येताना टेपरेकॉर्डर आणत. नंतर कॅसेटी स्वस्त झाल्या, राम फाटकांच्या चालींतले भीमसेनांचे अभंग खोऱ्यातल्या प्रत्येक सप्ताहात पोचले आणि बुवांना पट्टी जुळवायला दुकानात यायची गरज उरली नाही. अण्णांनी फार मनाला लावून घेतलं नाही. ‘गाणं पोचलं ना? मग कशातून पोचलं ते आपण कशाला बघायचं,’ एवढंच म्हणाले. पण पत्र्याची पेटी त्यांनी विकली नाही. २००५च्या जुलैतल्या पुरात ती माळ्यावर होती म्हणून वाचली. २०२१ला पाणी माळ्यावरही आलं.

धुतलेल्या तबकड्या मी घडवंचीवर जुन्या धोतरावर आडव्या वाळवल्या. भिंतीला उभ्या टेकवल्या तर लाख उन्हानं वाकते. आठवड्यानंतर चावी भरली, नवी पिन लावली आणि गांधारी ठेवली. रेघांत खोल कुठंतरी गाळ राहिलाच असणार. आधी बराच वेळ नुसती खरखर आली. पुतण्या म्हणाला, ‘गेली ही.’ मी म्हटलं, ‘थांब. तीन मिनिटांचं काम.’

मग खरखरीच्या मागून ती पातळ आवाजाची पोरगी आली.

पुण्याच्या महोत्सवाला मी नंतरही जात राहिलो. आता ध्वनिप्रदूषणाच्या नियमानं गाणं रात्रभर चालत नाही, त्यामुळं गोधड्या नाहीत. पण एक रीत पाहून मी दर वेळी अण्णांची आठवण काढतो. शेवटच्या कलावंताचं गाणं झालं, तंबोरे उतरले की महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रणानं होते. हजारो माणसं, मंचावर कुणी नाही, फक्त कर्ण्यातून तो आवाज आणि त्याची खरखर. कुणी उठत नाही. मी मात्र एकदा उठलो होतो. मांडवाच्या मागं जाऊन कर्णे बघून आलो. त्यातला एक रस्त्याकडे तोंड करून होता.